आधारसामग्री-नियतकालिकांची प्रतिष्ठा व गुणवत्ता : एक परीक्षण

१

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'केअर' या नावाने परिचित असलेली नियतकालिकांची यादी बंद केल्याचे जाहीर केले. कोणते नियतकालिक चांगले व कोणते टाकाऊ, हे ठरविण्याचे काम त्यामुळे विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्याकडे आले. आयोगाने काही सूचक निकष दिले आहेत. परंतु निकष हाती असणे आणि निर्णय करता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आजवर आपल्याकडील अध्यापक यादीत नाव पाहत असे व निर्धास्त होत असे. आता यादी गेली आहे आणि विवेक तेवढा उरला आहे. तो वापरण्याची सवय आपणांस कितपत आहे, याची परीक्षा यापुढे होणार आहे.

या लेखास निमित्त झाले ते एका साध्या प्रश्नाचे. लातूरकडील एका महाविद्यालयातील तरुण अध्यापक काही दिवसांपूर्वी आमच्या विभागात आले होते. महाविद्यालयाच्या आवारातील पर्जन्यमापकाच्या अनेक वर्षांच्या नोंदी त्यांनी स्वतः ठेविल्या होत्या आणि त्या प्रसिद्ध कराव्यात अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक परदेशी आधारसामग्री-नियतकालिक. त्याचे शुल्क डॉलरमध्ये. दुसरे, चार दिवसांत लेख छापून प्रमाणपत्रही देऊ, असे पत्र पाठविणारे एक नियतकालिक. त्याचे शुल्क रुपयांत. "सर, यांपैकी प्रतिष्ठित कोणते?" असे त्यांनी विचारले. पहिले, असे मी तत्काळ सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, "ते आपण कशावरून म्हणता?" या दुसऱ्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. नावावरून म्हणतो, एवढेच ते उत्तर होते आणि संशोधकाने द्यावे असे ते खासच नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली मांडणी होय.

२

ज्यास आज सर्रास 'डेटा' म्हणतात, त्यास येथे आधारसामग्री म्हटले आहे. आधारसामग्री-नियतकालिक म्हणजे निष्कर्षांऐवजी मोजमापे, नोंदी व निरीक्षणे यांचे संच वर्णनासह प्रसिद्ध करणारे नियतकालिक. सामान्य शोधनिबंधात लेखक एक प्रश्न घेतो, मोजमापे करतो आणि उत्तर देतो. वाचकाच्या हाती येते ते मुख्यतः उत्तर. आधारसामग्री-निबंधात उत्तर नसते. मोजमापे कशी घेतली, कोठे ठेवली आहेत, ती कितपत विश्वसनीय आहेत आणि दुसऱ्याने ती कशी वापरावीत, एवढेच त्यात सांगितलेले असते.

हा प्रकार नवा वाटत असला तरी त्यामागील दृष्टी मराठी अभ्यासकास अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे या मालेचे बावीस खंड झाले. खंडांना जोडलेल्या प्रस्तावनांतील राजवाड्यांच्या सिद्धान्तांवर पुढे पुष्कळ वाद झाले. त्यांतील काही आज कोणी मान्यही करणार नाही. परंतु त्यांनी छापलेली पत्रे मात्र राहिली आणि राजवाड्यांचे मत खोडून काढणाऱ्यासही त्याच पत्रांचा आधार घ्यावा लागला. साधन व सिद्धान्त यांची आयुर्मर्यादा सारखी नसते, हा त्यातील धडा होय. आमच्या नांदेड जिल्ह्यातील कंधार व होट्टल येथील शिलालेखांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. लेखाचे केवळ वाचन छापणाऱ्यापेक्षा वाचनाबरोबर ठसाही छापणारा अभ्यासक अधिक उपकारक ठरतो. कारण एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले असल्यास पुढील वाचकास ते त्या ठशावरून सुधारता येते.

विज्ञानात या प्रकारची नियतकालिके पूर्वीपासून आहेत. अमेरिकन केमिकल सोसायटीचे रासायनिक व अभियांत्रिकी आधारसामग्रीस वाहिलेले नियतकालिक १९५६ पासून निघत आहे. तथापि सर्व शास्त्रांसाठी हा प्रकार रूढ झाला तो गेल्या पंधरा-वीस वर्षांत. भूविज्ञानाच्या क्षेत्रात 'अर्थ सिस्टीम सायन्स डेटा' हे २००८ मध्ये सुरू झाले. 'गिगासायन्स' २०१२ मध्ये. 'सायंटिफिक डेटा' आणि 'डेटा इन ब्रीफ' ही दोन्ही २०१४ मध्ये. यांपैकी 'सायंटिफिक डेटा' हे 'नेचर'च्या प्रकाशनसंस्थेचे असल्यामुळे त्याची प्रतिष्ठा जन्मतःच मोठी होती. म्हणून परीक्षणासाठी मुख्यतः तेच घेणे सोयीचे होईल.

३

प्रतिष्ठा मोजण्याचे आपल्याकडील रूढ साधन म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, ज्यास येथे प्रभावांक म्हणू. मागील दोन वर्षांत नियतकालिकाने छापलेल्या मजकुराचे चालू वर्षात जितके उल्लेख झाले, त्या संख्येस त्या दोन वर्षांतील निबंधांच्या संख्येने भागले असता हा अंक मिळतो. हा अंक सरासरीचा आहे आणि सरासरीचे सर्व दोष त्यात आहेत. दहा निबंधांपैकी एकाचा शंभर वेळा उल्लेख झाला व नऊंचा एकदाही झाला नाही, तरी सरासरी दहा येते. आणि त्या नऊ निबंधांचे लेखकही आपल्या अर्जात दहा हाच अंक लिहितात.

'सायंटिफिक डेटा'च्या बाबतीत हे विशेष स्पष्ट दिसते. आधारसामग्री शोधण्याजोगी, मिळण्याजोगी, परस्परांशी जुळणारी व पुन्हा वापरता येणारी असावी, हे 'फेअर' या नावाने प्रसिद्ध झालेले तत्त्वचतुष्टय याच नियतकालिकात मार्च २०१६ मध्ये प्रथम विस्ताराने मांडले गेले. त्या लेखाचे उल्लेख हजारांनी झाले. परंतु तो लेख कोणत्याही आधारसामग्रीचे वर्णन करीत नाही. ते एक धोरणात्मक टिपण आहे. ज्या नियतकालिकाची कीर्ती आधारसामग्रीसाठी, त्यातील सर्वाधिक उल्लेखिलेल्या लेखांपैकी एकात आधारसामग्रीच नसावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शिवाय या नियतकालिकाचा २०२२ चा प्रभावांक दहाच्या जवळ होता, तो २०२३ मध्ये सहाच्या खाली आला. एका वर्षात संपादकांची दक्षता एवढी ढासळली असे कोणीही म्हणणार नाही. मग जो अंक गुणवत्ता स्थिर असताना इतका हलतो, तो गुणवत्ता मोजतो असे म्हणणे कसे टिकेल? संशोधकाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या अंकावरून करू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्कोचा जाहीरनामा २०१३ मध्येच प्रसिद्ध झाला होता. आपल्या निवडसमित्यांपर्यंत तो पोहोचण्यास बराच काळ लागत आहे.

प्रतिष्ठेचे दुसरे साधन म्हणजे सरकारी मान्यता. त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची जी यादी काढली, तीत विद्यापीठांनी सुचविलेली हजारो नावे होती. त्यांपैकी यदृच्छेने निवडलेल्या १,३३६ नियतकालिकांचे परीक्षण करून काही अभ्यासकांनी २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्रतिष्ठित सूचींत अगोदरच असलेली ३२७ वगळता उरलेल्या १,००९ पैकी ३४.५ टक्के नियतकालिके पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारख्या मूलभूत माहितीच्या अभावी वा चुकीमुळेच बाद झाली आणि आणखी ५२.३ टक्क्यांनी खोटी माहिती दिलेली आढळली. मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. येथे एक गोष्ट विसरू नये. ती नावे सुचविणारी विद्यापीठे होती. म्हणजे आपणच होतो. पीएच.डी.साठी निबंध छापलेला असणे सक्तीचे होते (ही सक्ती २०२२ च्या नियमांनी गेली) आणि पदोन्नती गुणांवर अवलंबून होती. जेथे छापील पानांची मोजदाद होते, तेथे पाने विकणारे निर्माण होणारच. लुबाडणारे दोषी आहेतच; परंतु लुबाडले जाण्याची सोय आपण केली, हेही मान्य केले पाहिजे.

४

मग गुणवत्ता कशावरून ओळखावी? 'सायंटिफिक डेटा'ची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यातील प्रत्येक आधारसामग्री-निबंधास ठरावीक भाग असतात: पार्श्वभूमी, पद्धती, नोंदींचे वर्णन, तांत्रिक पडताळणी आणि वापरासंबंधी सूचना. मूळ सामग्री लेखकाच्या कपाटात न राहता सार्वजनिक संग्रहागारात स्थायी ओळखक्रमांकासह ठेवलेली असावी लागते. निबंधाचे महत्त्व किंवा नावीन्य परीक्षकाने तोलावयाचे नसून पद्धती निर्दोष आहे काय व सामग्री वर्णनाप्रमाणे आहे काय, हे पाहावयाचे असते.

ही रचना निःसंशय चांगली आहे. तिचा मोठा गुण हा की ती लेखकास आपल्या मर्यादा सांगण्यास भाग पाडते. सामान्य निबंधात पद्धतीचा भाग आखडता घेण्याकडे कल असतो. येथे तोच मुख्य भाग आहे. परंतु तिच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली ही की परीक्षक पुन्हा मोजमाप करू शकत नाही. तो सामग्रीतील अंतर्गत विसंगती पाहू शकतो, पण यंत्रच चुकीच्या जागी ठेवले होते काय, हे त्यास कळण्याचा मार्ग लेखकाच्या प्रामाणिकपणाखेरीज दुसरा नाही. दुसरी ही की निबंध गोठलेला असतो आणि सामग्री वाढत असते. काही वर्षांनी वाचक ज्या निबंधाचा उल्लेख करतो, तो त्याने प्रत्यक्ष वापरलेल्या आवृत्तीचा नसतो. तिसरी मर्यादा शुल्काची. वाचन सर्वांस मोफत, पण प्रकाशनासाठी दोन हजार डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागते. लातूर किंवा देगलूर येथील महाविद्यालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात ही रक्कम बसत नाही. परिणामी नोंदी आमच्या गावच्या आणि त्यांचे प्रकाशन परक्या प्रयोगशाळेचे, असा प्रकार घडू शकतो.

परीक्षणाच्या पारदर्शकतेत 'अर्थ सिस्टीम सायन्स डेटा' एक पाऊल पुढे आहे. तेथे परीक्षकांचे अभिप्राय व लेखकांची उत्तरे सर्वांस वाचता येतात. नांदेडमध्ये बसलेल्या विद्यार्थ्यासही परीक्षकाने सामग्री उघडून पाहिली होती की केवळ प्रस्तावना वाचून शेरा मारला, हे त्यावरून कळते. माझ्या मते कोणत्याही प्रभावांकापेक्षा हा पुरावा अधिक मोलाचा आहे.

५

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आणि मराठवाड्यासाठी पावसाहून निकडीचे उदाहरण कोणते? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या अतिवृष्टीने गावे पाण्याखाली गेली. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी मानावयाची, असा आपल्याकडील निकष आहे. सोयाबीनच्या नुकसानीची भरपाई मिळावयाची की नाही, हे त्यामुळे पुष्कळदा एका आकड्यावर ठरते. येथे आधारसामग्रीची गुणवत्ता ही विद्वानांच्या चर्चेपुरती गोष्ट राहत नाही.

या प्रदेशातील पावसावर लिहिणारे आमचे विद्यार्थी मुख्यतः दोन संच वापरतात. पहिला भारतीय हवामान विभागाचा. तो १९०१ पासूनचा दैनिक पाऊस पाव अंशाच्या चौकटींत देतो. देशातील ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवर आधारलेल्या या संचाचे वर्णन २०१४ मध्ये 'मौसम' या विभागाच्याच त्रैमासिकात आले. दुसरा संच 'चर्प्स' या नावाचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सांता बार्बरा येथील अभ्यासक व अमेरिकेचे भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांनी केलेला. तो १९८१ पासूनचा पाऊस एका अंशाच्या विसाव्या भागाच्या चौकटींत देतो. त्याचे वर्णन डिसेंबर २०१५ मध्ये 'सायंटिफिक डेटा'त आले.

प्रतिष्ठेच्या तराजूत घातले तर तुलनाच होऊ शकत नाही. 'मौसम' १९५० मध्ये निराळ्या नावाने सुरू झालेले, भारतीय हवामानशास्त्राचा इतिहास पोटात घेऊन असलेले नियतकालिक. पण त्याचा प्रभावांक नेहमीच अत्यल्प राहिला आहे. निवडसमितीपुढे ठेवल्यास 'मौसम'मधील निबंधास कमी व 'सायंटिफिक डेटा'तील निबंधास अधिक गुण मिळतील, यात शंका नाही. परंतु भारतातील पावसाविषयी गेल्या दशकात जे संशोधन झाले, त्याचा फार मोठा भाग 'मौसम'मधील त्या एका निबंधावर उभा आहे. नियतकालिकाची प्रतिष्ठा आणि आधारसामग्रीचे मोल यांत किती अंतर असू शकते, हे दाखविण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

तथापि येथेच थांबून स्वदेशीचा जयजयकार करणे हाही उथळपणाच ठरेल. दोन्ही संच सारख्याच कठोरपणे तपासले पाहिजेत.

हवामान विभागाच्या संचात पाऊस प्रत्यक्ष मोजलेला आहे, हा त्याचा मोठा गुण. एका केंद्राच्या नोंदीचा प्रभाव अंतराबरोबर कमी होत जातो, अशा सरळ पद्धतीने चौकटींतील आकडे काढले आहेत; ती पद्धती कोणासही समजते. निबंधात आधीच्या संचांशी तुलनाही केलेली आहे. परंतु आमच्या अक्षांशावर पाव अंशाची एक चौकट सुमारे ७३० चौरस किलोमीटरची होते; म्हणजे ७,१५७ चौरस किलोमीटरच्या लातूर जिल्ह्यात अवघ्या दहा चौकटी. मुखेडसारखा एखाद्या मंडळावर कोसळलेला पाऊस अशा चौकटीत शेजारच्या कोरड्या गावांबरोबर वाटला जातो व सौम्य होऊन कागदावर येतो. शिवाय सव्वाशे वर्षांत केंद्रांची संख्या सारखी राहिलेली नाही. केंद्रे वाढली म्हणून अतिवृष्टीचे दिवस अधिक दिसू लागले की पाऊसच बदलला, हा प्रश्न या संचाच्या प्रत्येक वापरकर्त्याने स्वतःस विचारावयास हवा. चौकटींचे आकडे आज मोफत मिळतात. केंद्रवार मूळ नोंदी मात्र तशा खुल्या नाहीत, त्या पुण्याच्या राष्ट्रीय आधारसामग्री केंद्राकडून ठरलेल्या अटींवर मागवाव्या लागतात. राजवाड्यांच्या भाषेत सांगावयाचे तर येथे वाचन छापले आहे, ठसा मात्र दप्तरात आहे.

'चर्प्स'च्या चौकटी बारीक आहेत. लातूर जिल्ह्यात त्या सुमारे २४० भरतात. नकाशा डोळ्यांस सुखावतो आणि नवशिक्या विद्यार्थ्यास वाटते की आपणांस गावोगावचा पाऊस कळला. परंतु उपग्रह पाऊस पाहत नाही. अवरक्त किरणांवरून तो ढगाच्या माथ्याचे तापमान पाहतो. थंड माथ्याचा ढग किती वेळ टिकला यावरून पावसाचा अंदाज होतो आणि मग त्यात उपलब्ध केंद्रांच्या नोंदी मिसळल्या जातात. जेथे केंद्रे विरळ, तेथे चौकट बारीक असूनही ज्ञान जाडच राहते. या संचात मूळ हिशेब पाच दिवसांच्या बेरजांचा आहे. रोजचा पाऊस त्यावरून वाटून दिलेला असतो. आपल्याकडील पर्जन्यमापक सकाळी साडेआठ वाजता वाचला जातो आणि रात्रीचा पाऊस दुसऱ्या दिवसाच्या खात्यावर पडतो. ही दोन दिनमाने जुळविल्याशिवाय केलेली दैनिक तुलना निरर्थक होय. तरीही अशी तुलना करणारे प्रबंध वाचावयास मिळतात. मूळ निबंधात पडताळणी जागतिक व प्रादेशिक पातळीवर आहे, पण उपयोगाचे सविस्तर उदाहरण आहे ते आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडील प्रदेशाचे. दख्खनच्या पठारावर हा संच कसा चालतो, हे तपासणे आपले काम आहे, त्यांचे नव्हे. त्यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगितली पाहिजे. कोणत्या महिन्यात कोणती केंद्रे वापरली, याच्या याद्या त्यांनी उपलब्ध करून दिल्या आहेत. आपल्या तालुक्यातील एकही केंद्र त्यात नाही असे आढळले, तर तेथील आकडा किती तोलावा, हे वाचकास ठरविता येते. दोष लपविण्यापेक्षा तो मोजण्याचे साधन वाचकाच्या हाती देणे, हे उत्तम आधारसामग्रीचे लक्षण होय. आणि या कसोटीवर परदेशी संच वरचढ ठरतो.

६

आधारसामग्रीचे दोन वर्ग कल्पिल्यास हा विचार अधिक स्पष्ट होईल. पहिला, पुन्हा मोजता येणाऱ्या गोष्टींचा. आमच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत द्रव-मिश्रणांची घनता व श्यानता मोजण्याचे काम होते. लातूरचे मोजमाप चुकले तर नांदेडला तेच मिश्रण पुन्हा करून पाहता येते. या क्षेत्रातील पाच प्रमुख नियतकालिकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या सहकार्याने अशी व्यवस्था उभी केली आहे की निबंध स्वीकारण्यापूर्वीच त्यातील आकडे आधीच्या सर्व प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहिले जातात. या व्यवस्थेतून अनेक चुका छापण्यापूर्वीच पकडल्या गेल्या. परीक्षणाचा हा आदर्श मानावा लागेल. येथे परीक्षक केवळ मत देत नाही, तर हिशेब तपासतो.

दुसरा वर्ग पुन्हा न घडणाऱ्या घटनांचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. भारतीय मानकाच्या तत्कालीन नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. २००२ च्या सुधारित मानकात तो तिसऱ्या विभागात आला. पुढे किल्लारी येथे राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने ६१७ मीटर खोलीचा वेध घेतला. त्यात ३३८ मीटर बेसाल्टच्या थरांखाली आठ मीटर गाळाचे थर व त्याखाली प्राचीन पाया लागला. हा वेध पुन्हा घेता येईल. पण त्या पहाटेची घरे, भिंतींच्या भेगा व त्या आठवड्यातील पश्चात्-धक्के पुन्हा पाहता येणार नाहीत. अशा सामग्रीचे परीक्षण पुनर्मापनाने होऊ शकत नाही. म्हणून तेथे नोंद कोणी, केव्हा, कशाने व कोणत्या अटींत केली, यांचे वर्णन हीच एकमेव जामीनकी असते. नियतकालिकाने हे वर्णन किती कसोशीने मागितले, यावर त्याची गुणवत्ता ठरवावी.

ही जामीनकी नसेल तर मोठ्यात मोठे नावही वाचवू शकत नाही. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात कोरोनावरील औषधांविषयी एक निबंध आला. ६७१ रुग्णालये व ९६,०३२ रुग्ण यांच्या नोंदींवर तो आधारलेला असल्याचे म्हटले होते. मूळ नोंदी स्वतंत्र परीक्षकांस दाखविण्यास त्या पुरविणारी कंपनी तयार झाली नाही आणि ४ जून रोजी, म्हणजे अवघ्या दोन आठवड्यांत, निबंध मागे घ्यावा लागला. प्रभावांकाच्या दृष्टीने 'लॅन्सेट' वरील कोणत्याही आधारसामग्री-नियतकालिकाच्या कितीतरी पुढे आहे. पण आकडे कोणी पाहिलेच नव्हते!

७

या विवेचनातून काढावयाचा निष्कर्ष असा की आधारसामग्री-नियतकालिकाची गुणवत्ता त्याच्या मुखपृष्ठावर किंवा अंकावर नसून त्याने लेखकास विचारलेल्या प्रश्नांत असते. माझ्या मते पाच प्रश्न पुरेसे आहेत. मूळ सामग्री आज, आत्ता, कोणासही उघडून पाहता येते काय? परीक्षकाने ती उघडून पाहिल्याचा काही पुरावा आहे काय? मोजण्याची पद्धती, यंत्र, जागा व वेळ यांचे वर्णन इतके पुरेसे आहे काय, की दुसऱ्यास तसेच मोजता येईल? पडताळणी स्वतंत्र नोंदींशी केली आहे, की त्याच सामग्रीच्या दुसऱ्या तुकड्याशी? आणि चूक आढळल्यास ती उघडपणे दुरुस्त करण्याची नियतकालिकाची रीत आहे काय? या पाच प्रश्नांपुढे 'सायंटिफिक डेटा' एकंदरीने चांगल्या रीतीने उभे राहते, 'अर्थ सिस्टीम सायन्स डेटा' अधिक चांगल्या रीतीने, आणि चार दिवसांत छापून देणारी नियतकालिके पहिल्याच प्रश्नास अडखळतात. तथापि चांगल्या नियतकालिकातील प्रत्येक निबंध चांगला, असे यावरून सिद्ध होत नाही. ते प्रश्न प्रत्येक निबंधास पुन्हा विचारावे लागतात.

यावर कोणी म्हणेल की निवडसमितीस इतका वेळ कोठला? आक्षेप खरा आहे. परंतु एका अर्जदाराचे वीस निबंध मोजण्यास जो वेळ लागतो, त्यात त्याने स्वतः निवडलेले दोन निबंध वाचून होतात. विभागास आणखी एक सोपी सवय लावून घेता येईल. एम.एस्‌सी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने एखादा प्रसिद्ध संच घेऊन त्यातील एका महिन्याचा पाऊस आपल्या तालुक्यातील पर्जन्यमापकाशी ताडून पाहावा व आढळलेली तफावत लिहून ठेवावी. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. काही वर्षांत या चार जिल्ह्यांपुरती अशी पडताळणी आपल्याजवळ जमेल, जी कोणत्याही परदेशी नियतकालिकाजवळ नाही.

शेवटी त्या तरुण अध्यापकांविषयी. त्यांची वही मी नंतर सविस्तर पाहिली. एका पानावर त्यांनी लिहिले होते की इमारतीचे काम चालू असताना पर्जन्यमापक काही महिने गच्चीवर हलविला होता, त्यामुळे त्या काळातील नोंदी निराळ्या धराव्यात. वरच्या पाचांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी विचारण्यापूर्वीच त्यांनी दिलेले होते. त्यांस मी एवढेच सांगितले की प्रथम ही वही, त्या टिपेसह, एखाद्या सार्वजनिक संग्रहागारात ठेवावी. त्यास शुल्क पडत नाही. नियतकालिक कोणते, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. चार दिवसांत छापणाऱ्यांना ती टीप नकोशी वाटली असती. आणि चांगल्या परीक्षकाने सर्वांत अगोदर तीच विचारली असती.